सांगली ते चंद्रताल, एजंटाशिवाय : अठरा दिवसांचा हिशेब

हिमाचलच्या लाहौल-स्पितीमधलं चंद्रताल हे सरोवर समुद्रसपाटीपासून साधारण ४,३०० मीटरवर आहे. सांगली साडेपाचशे मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास आणि आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच कळसूबाई १,६४६. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या शरीराला त्या उंचीचा काहीच अंदाज नसतो. तिथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जेमतेम साठ टक्के असतो. थंडीवर स्वेटर घालता येतो, पण विरळ हवेवर वेळ देण्याशिवाय उपाय नाही. आम्ही दोघांनी सगळी आखणी याच एका गोष्टीभोवती केली. ८ सप्टेंबरला सांगली सोडली, शिमल्याहून किन्नौर-स्पितीमार्गे वर गेलो, मनालीकडून उतरलो आणि २५ तारखेला रात्री परत आलो. डोंगरातला प्रवास बहुतेक सरकारी बसने, मुक्काम बहुतेक लोकांच्या घरात, आणि मध्ये कुठली टूर कंपनी नाही.

तयारीला सुरुवात जानेवारीतच करावी लागते, कारण कपडे. सांगली-साताऱ्यात जाड लोकरीचे कपडे मिळतात ते फक्त थंडीत, रस्त्याकडेला तिबेटी स्वेटरवाले बसतात तेव्हा. ऑगस्टमध्ये दुकानात विचारलं तर रेनकोट दाखवतात. आम्ही जानेवारीत अंगाला चिकटणाऱ्या थर्मलचे दोन जोड, एक जाड स्वेटर, कानटोपी आणि लोकरीचे चार मोजे घेऊन ठेवले. वारा अडवणारं जाकीट पुण्यातून आणलं. दोघांचा मिळून खर्च दहा हजारांच्या आत बसला. सुती बनियन अंगात ठेवू नका. घामाने भिजलेलं सूत लवकर वाळत नाही आणि रात्री तेच अंग गारठवतं.

मग रजा आणि रेल्वे. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत. म्हणजे ८ सप्टेंबरचं तिकीट १० जुलैला सकाळी ८ वाजता. गोवा एक्सप्रेस मिरज, सांगली, साताऱ्यावरून थेट निजामुद्दीनला जाते, पुण्याला उतरून गाडी बदलावी लागत नाही. सातारकरांनी एक काळजी घ्यावी. साताऱ्याला ही गाडी येईपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते, त्यामुळे तिकिटावरची तारीख सांगलीपेक्षा एक दिवस पुढची येते. ही चूक स्टेशनवर लक्षात आली तर काहीच करता येत नाही. थर्ड एसीचं एका माणसाचं एका बाजूचं तिकीट आम्हाला दोन हजारांच्या आसपास पडलं. परतीचं तिकीट २४ सप्टेंबरचं काढलं, आणि त्यात मुद्दाम दोन दिवस मोकळे सोडले. तत्काळच्या भरवशावर राहायचं असेल तर तुमच्या रेल्वे तिकिटाच्या (आयआरसीटीसी) खात्याला आधार जोडलेलं आहे ना, हे आधीच पाहा. त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघत नाही.

परवान्याचा घोळ याच काळात झाला. एका एजंटाने सांगितलं की स्पितीला इनर लाइन परमिट (सीमेजवळच्या भागात जायचा परवाना) लागतं आणि त्याचे माणशी दीड हजार होतील. भारतीय नागरिकाला किन्नौर-स्पितीच्या या रस्त्यावर परमिट लागत नाही. रेकाँग पिओ ते ताबो या सीमेजवळच्या पट्ट्यासाठी ते लागतं परदेशी प्रवाशांना. आपल्याला लागतं ते फक्त ओळखपत्र. सुमदो आणि लोसर या दोन ठिकाणी चौकीवर नोंद होते. आधारच्या चार-चार झेरॉक्स, त्यामागे घरच्या माणसाचा फोन नंबर आणि रक्तगट लिहून, प्लास्टिकच्या पिशवीत घेतल्या होत्या. मूळ कार्ड वेगळं ठेवलं. चौकीवर बस थोडाच वेळ थांबते, तेव्हा बॅग टपावर आणि आधार बॅगेत अशी अवस्था होऊ देऊ नका.

डॉक्टरांकडे जाऊन रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि ईसीजी पाहून घेतलं. उंचीवरच्या त्रासासाठी अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या : १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, म्हणून ही गोळी शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. तिने बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. हे अपेक्षितच आहे, घाबरू नका, पण बसच्या प्रवासात त्याची आखणी करावी लागते. पाणी कमी पिणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

८ तारखेला रात्री सांगलीहून निघालो. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन किलो भडंग. भडंगाचं ओझं होत नाही आणि उंचीवर भूक मेलेली असताना तिखट-आंबट घशाखाली उतरतं, हे तिथे पटलं. हवाबंद पुडे मात्र वर गेल्यावर फुगतात, म्हणून भडंग साध्या डब्यात न्यावं. शाम्पू आणि तेलाच्या बाटल्याही जमेल तितकी हवा दाबून काढून बंद करा.

१० तारखेला सकाळी निजामुद्दीन. तिथून पिंक लाइनने लाजपतनगर, मग व्हायोलेट लाइनने काश्मिरी गेट. मेट्रो स्वस्त आहे आणि सामान घेऊन रिक्षावाल्याशी घासाघीस करावी लागत नाही. काश्मिरी गेटहून हिमाचल परिवहनची रात्रीची बस धरली, ११ ला पहाटे शिमल्याच्या टुटीकंडी स्थानकावर उतरलो आणि तिथूनच तासाभरात रेकाँग पिओची बस मिळाली. हा दहा तासांचा रस्ता पुढे सतलजच्या कडेकडेने जातो. वळणांनी ओकारी येणाऱ्यांनी पुढच्या चाकाच्या मागची, मधली सीट घ्यावी. मागच्या सीटवर धक्के दुप्पट बसतात.

पिओ २,२९० मीटरवर आहे. रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी लोकल बसने वर कल्पाला गेलो, ते पावणेतीन हजारांच्या घरात. समोर किन्नर कैलास, आजूबाजूला सफरचंदाच्या बागा. सप्टेंबरात झाडं लाल झालेली असतात, पण न विचारता हात लावू नये, हे त्यांचं वर्षाचं पीक आहे. इथे एक दिवस फक्त चालायचं ठेवलं होतं.

आता मुख्य मुद्दा. चंद्रतालला जायचे रस्ते दोन. एक मनालीकडून : अटल बोगदा, ग्राम्फू, छत्रू, बातल आणि सरोवर. मनाली दोन हजार मीटरवर, सरोवर ४,३०० वर, आणि गाडीने हे अंतर एका दिवसात कापता येतं. शनिवार-रविवार धरून येणारे तसंच करतात आणि रात्री तंबूत डोकं धरून बसतात. दुसरा रस्ता आम्ही घेतला तो, किन्नौरकडून स्पितीतून. तो लांब आहे, तीन-चार दिवस जास्त जातात, पण उंची पायरी-पायरीने वाढते. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. दिवसा कितीही वर चढलात तरी चालतं. हिशेब धरायचा तो झोपायच्या उंचीचा.

या ठोकताळ्यात आमच्याकडून एक चूक झाली. १३ तारखेला पिओहून काझाला जाणारी सकाळची बस धरली आणि नाकोला उतरलो. नाको ३,६६० मीटर. म्हणजे कल्पाहून एका दिवसात नऊशे मीटरची उडी. गाव देखणं आहे, मध्ये छोटं तळं आहे, पण रात्री दोघांचंही डोकं ठणकत होतं आणि झोप तुकड्या-तुकड्यांत लागली. पॅरासिटामोल घेतली, भरपूर पाणी प्यायलो, वर फिरायला गेलो नाही. सकाळी बरं वाटलं म्हणूनच पुढे निघालो. डोकं दुखत असताना आणखी वर जायचं नाही, हा नियम मोडायचा नाही असं निघण्याआधीच ठरलं होतं.

नाकोत उतरण्याचा दुसरा तोटा बसचा. पिओहून येणारी बस दुपारी नाकोला पोचते ती भरलेली. १४ ला सुमदोपर्यंत उभं राहून जावं लागलं. त्याच रस्त्यावर मलिंग नाल्याचा दरडींचा पट्टा लागतो. पावसाळी हवा असेल तर तो सकाळच्या वेळी ओलांडलेला बरा. सुमदोला चौकीवर नाव, गाव, फोन नंबर आणि जाण्याचं ठिकाण लिहून घेतलं. पाच मिनिटांचं काम.

ताबो ३,२८० मीटरवर, म्हणजे नाकोपेक्षा खाली, त्यामुळे इथे झोप छान लागली. इथला मातीच्या भिंतींचा मठ इ.स. ९९६ मधला. आत अंधार असतो, फोटो काढू देत नाहीत, भित्तिचित्रं पाहायला हातातली विजेरी लागते. मोबाइलचा झगझगीत दिवा चित्रांवर रोखू नका, त्या रंगांनी हजार वर्षं काढली आहेत.

१५, १६, १७ या तीन रात्री काझाला, ३,६५० मीटरच्या आसपास. तालुक्याचं गाव आहे : बाजार, सरकारी रुग्णालय, पेट्रोल पंप, एटीएम. एटीएम असलं तरी नेटवर्क गेलं की पैसे निघत नाहीत. आम्ही गेलो त्या दिवशी ते बंदच होतं. दिल्लीतून निघताना माणशी बारा हजार रोख दोन ठिकाणी विभागून ठेवले होते, त्यावरच सगळं झालं. काझात दिवसा की मठ (४,१६६ मीटर) आणि किब्बेरपर्यंत चढून यायचं आणि रात्री झोपायला खाली. शरीर तयार होतं ते अशा चढउताराने. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर नेलं होतं. काझात पहिल्या दिवशी ८६, तिसऱ्या दिवशी ९०. आकडा पाहून उगाच घाबरू नका, लक्षणं पाहा. बसल्याजागी धाप लागणं, थांबत नाही असा खोकला, सरळ रेषेत टाचेला चवडा लावून चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, यातलं काहीही दिसलं तर रात्र आहे, उद्या पाहू, असं म्हणायचं नाही. लगेच खाली उतरायचं.

चंद्रतालपर्यंत बस जात नाही. काझा-मनाली बस पहाटे निघते आणि कुंझुम खिंडीतून बातलला जाते. बातलपासून सरोवराचा रस्ता चौदा किलोमीटर, आणि कुंझुमच्या माथ्यावरून एक पायवाट आहे ती आठ-नऊ किलोमीटरची. ही वाट ४,५०० मीटरच्या वरून सुरू होते आणि मध्ये वस्ती नाही, त्यामुळे पाठीवर सामान घेऊन दोघांनीच जाणं आम्हाला रास्त वाटलं नाही. काझाच्या बाजारात राहण्याच्या ठिकाणी विचारल्यावर बंगळुरूहून आलेले दोघं भेटले आणि चौघांत गाडी ठरली. काझात टॅक्सी युनियनचे दर ठरलेले असतात, बोर्डावर लावलेले. आधी ते वाचा, मग बोला. लोसरला एक रात्र थांबून पुढे चंद्रतालला सोडण्याचे सहा हजार झाले, माणशी दीड हजार. शेवटी बातलला सोडायचं काम तंबूवाल्याच्या गाडीने माणशी पाचशेत केलं.

लोसरचा मुक्काम टाळू नका. लोसर ४,०८० मीटरवर आहे आणि काझा ते सरोवर या साडेसहाशे मीटरच्या उडीतली ती मधली पायरी. गावात घरगुती मुक्काम मिळतात, माणशी नऊशेत दोन जेवणं. इथे भात-डाळ नीट शिजायला कुकरच लागतो. चार हजार मीटरवर पाणी ८६-८७ अंशांलाच उकळतं, त्यामुळे उघड्या भांड्यात डाळ तासभर ठेवली तरी कडक राहते.  पोलीस चौकीवर गाडीचा नंबर आणि चौघांची नावं लिहून दिली. ही नोंद कंटाळा न करता, खरा फोन नंबर देऊन करा. जुलै २०२३ मध्ये अचानक पडलेल्या बर्फाने कुंझुम बंद झाली आणि चंद्रतालच्या तंबूंत अडीचशेहून जास्त लोक चार-पाच दिवस अडकले होते. बर्फ काढून त्यांना याच लोसरच्या बाजूने बाहेर आणलं. कोण कुठे आहे हे कळायला तिथे फोनचा उपयोग नसतो.

१९ ला सकाळी सातला निघालो. लवकर निघण्याचं कारण नाले. वरचं बर्फ ऊन चढल्यावर वितळतं, त्यामुळे सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी दुपारी तीनला गाडीच्या चाकाला भारी पडतं. कुंझुमला देवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालूनच गाड्या पुढे जातात. तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका, वारा अंगातली ऊब काढून नेतो.

सरोवराच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे. तंबूंची वस्ती दोन-तीन किलोमीटर अलीकडे, आणि गाडीतळापासून पुढे पाण्यापर्यंत चालत जायचं. ही बंदी मनापासून पाळावी अशी आहे. २००५ पासून चंद्रताल ही रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागा आहे आणि काठावरच्या गवतात पक्षी घरटी करतात. हिवाळ्यात आपल्या उजनीच्या पाण्यावर जोडीने दिसणारं चक्रवाक उन्हाळ्यात इकडे असतं. तंबूत माणशी अठराशे, रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरून. सौर दिवे रात्री दोन-तीन तास, संडास कोरडा, आंघोळ नाही. आपण वर नेलेलं प्लास्टिक आपणच खाली आणायचं, तिथे कचरागाडी येत नाही.

पाणी दोनदा पाहावं. दुपारी वारा सुटतो, पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि रंग हिरव्याकडून निळ्याकडे झुकतो. पहाटे वारा पडलेला असतो आणि समोरचे डोंगर जसेच्या तसे पाण्यात उतरतात. सरोवराभोवतीची फेरी अडीच-तीन किलोमीटरची, पण त्या हवेत तिला दीड तास लागला. दर शंभर पावलांनी थांबत, नाकाने श्वास घेत. इथलं पाणी चंद्रा नदीला मिळतं. चंद्रा पुढे तांदीला भागा नदीला भेटते आणि दोघी मिळून चंद्रभागा होतात, तीच खाली चिनाब. आषाढीला पंढरपूरच्या चंद्रभागेत पाय बुडवून आलेल्या माणसाला हे नाव तिथल्या पाटीवर वाचताना घशात काहीतरी दाटतं. आम्ही पाण्याला फक्त हात लावला. पोहू नये, साबण लावू नये, पाणी गोठायला टेकलेलं असतं.

रात्री तापमान शून्याखाली गेलं. झोपायच्या पिशवीत शिरण्याआधी बाटलीत गरम पाणी भरून पायाशी ठेवलं, मोबाइल आणि पॉवर बँक पोटाशी. थंडीत बॅटरी भराभर उतरते, पिशवीत ठेवली की टिकते. तोंड झाकून झोपायचा मोह होतो, पण श्वासाची वाफ आत साचून पिशवी ओली होते. कानटोपी घालून नाक उघडं ठेवा. ऑक्सिमीटरवर ८२ ते ८५ येत होतं, डोकं जड होतं पण दुखत नव्हतं.

२० ला सकाळी नऊच्या आत बातलला येऊन थांबलो. काझाहून मनालीला जाणारी बस इथे जेवायला थांबते. ती साडेदहाला आली, भरलेली. कंडक्टरला आधी सांगून ठेवलं की छत्रूला उतरणाऱ्यांची जागा आम्हाला. तिथपर्यंत उभं राहिलो. काझातूनच निघणार असाल तर आदल्या संध्याकाळी खिडकीवर तिकीट काढून ठेवा. बातल ते ग्राम्फू हे पन्नास किलोमीटर साडेचार तास खातात. दगड, नाले, पुन्हा दगड. ग्राम्फूनंतर डांबर लागतं, मग नऊ किलोमीटरचा अटल बोगदा, आणि पलीकडे एकदम देवदार आणि दमट हवा. मनालीत उतरलो तेव्हा जिना चढताना धाप लागत नव्हती.

मोकळे ठेवलेले दोन दिवस इथे कामाला आले. २२ ला कुल्लू आणि मंडीच्या मध्ये दरड कोसळून रस्ता बंद झाला, रात्रीची बस रद्द झाली. पैसे परत मिळाले, पण चार दिवसांनी. २३ ला सायंकाळी निघून २४ ला सकाळी दिल्ली, दुपारी गोवा एक्सप्रेस आणि २५ ला रात्री सांगली. मनालीकडून परतताना पावसाळ्याच्या शेवटी एकही मोकळा दिवस न ठेवता रेल्वेचं तिकीट काढणं म्हणजे ते तिकीट बुडवणं.

माणशी खर्च, कपडे सोडून : रेल्वे चार हजार, सगळ्या बस मिळून साडेतीन हजार, गाडी आणि बातलची सोडवणूक दोन हजार, तंबू अठराशे, बाकीचे मुक्काम सहा हजार, जेवणखाण सहा हजार, औषधं-मेट्रो-किरकोळ सातशे. चोवीस हजार झाले. गाडीत दोघंच असतो तर दीड हजार वाढले असते.

याच मार्गाने कुणी निघत असेल तर एवढा बदल करावा : नाकोला रात्र काढू नये, पिओहून त्याच बसने सरळ ताबो गाठावं. बसमध्ये दोन-अडीच तास जास्त बसावं लागतं, पण पहिली झोप ३,६६० ऐवजी ३,२८० मीटरवर होते आणि नाकोच्या फाट्यावर भरलेल्या बसची वाट पाहावी लागत नाही. वाचलेला दिवस ताबोलाच घालवावा, मठ दुसऱ्यांदा सावकाश पाहायला.